दर महिन्याची मुक्कामी गाडी

नाही, मला एक सांगा, सरकारनं एखादी गोष्ट फुकट केली म्हणून माणसानं ती केलीच पाहिजे का? हवा फुकट आहे, म्हणून मी काय दिवसभर तोंड उघडं टाकून बसतो? पण नाही… पंचाहत्तरीच्या पुढं एसटी फुकट झाली आणि तेव्हापासून आमच्या घरात मला माणूस म्हणून बघणं बंद झालं, उतारू म्हणून बघायला लागले. बसा तुम्ही, बसा, हरसूलची गाडी अजून फलाटाला लागायची आहे. ड्रायव्हर आत्ताच चहाला गेला, चहानंतर तंबाखू होणार, तंबाखूनंतर गाडी लागणार. कसं कळलं विचारू नका. जन्म ह्याच डेपोत गेला. पुंजाराम ड्रायव्हर म्हणून कोणालाही विचारा… म्हणजे विचारायला आता जुनं कोणी उरलं नाही, पण विचारा.

आणि ज्यानं उभं आयुष्य स्टिअरिंग धरलं, त्याला मागच्या सीटवर बसवणं म्हणजे काय असतं, तुम्हाला सांगतो… आचाऱ्याला पंगतीत बसवायचं आणि करपलेली भाजी वाढायची. त्याला सगळं कळतं, बोलता येत नाही. वणीच्या रस्त्याला ते पोरगं चढावर गिअर टाकायला इतका उशीर करतं, इतका उशीर करतं की माझा डावा पाय आपोआप दाबला जातो, आणि पुढच्या सीटवरची बाई मागं वळून बघते. मी काय सांगणार तिला? क्लच दाबला म्हणून?

तर हे सुरू कुठून झालं. माझा मुलगा योगेश. अंबडला कंपनीत आहे. सून वेदिका, ती विम्याच्या ऑफिसात. दोघंही चांगली. घर म्हणाल तर एक हॉल, एक बेडरूम, एक किचन. बेडरूम त्यांची, हॉल माझा. माझी कॉट बेडरूमच्या दाराला लागून, कारण पंखा तिथंच आहे. चार वर्षं कोणाला काही त्रास नव्हता. आणि एक दिवस योगेश येऊन माझ्याशेजारी बसला. हा मुलगा माझ्याशेजारी बसतो कधी, तर काही फोडलं असेल तेव्हा. लहानपणापासून तसंच. म्हणाला, "अप्पा, तुम्ही बऱ्याच दिवसांत वणीला गेला नाहीत."

मी म्हणालो, "नाही गेलो."

"आज संध्याकाळची गाडी आहे. मुक्काम करा. सकाळी गडावर दर्शन घ्या, आरामात या."

"मला काही देवीचं बोलावणं आलेलं नाही."

तर म्हणतो, "फुकट आहे ना अप्पा, जाऊन या."

गेलो. मुलानं सांगितलं, गेलो. धर्मशाळेत ढेकूण होते, तेही फुकट. आता एकदा गेलो म्हणजे झालं ना? पुढच्या महिन्यात परत माझ्याशेजारी बसला. ह्या वेळी पेठ. अरे बाबा, पेठला माझं कोण आहे? "हवा चांगली आहे अप्पा. डोंगर आहेत." डोंगर मी बघितलेत! त्याच डोंगरांतून मी तीस वर्षं गाडी काढली, तेव्हा कोणी म्हणालं नाही डोंगर बघ, तेव्हा म्हणायचे रस्ता बघ. "फुकट आहे ना, जाऊन या." पेठच्या पुढं एका पाड्यावर गाडी मुक्कामाला थांबली, ड्रायव्हर-कंडक्टर त्यांच्या ठरलेल्या घरी जेवायला गेले, आणि मी… उतारू असून गाडीतच झोपलो. सकाळी ड्रायव्हरनं मला उठवलं आणि विचारलं, "बाबा, घरातून भांडून आलात का?"

तो शब्द लागला मला. तिसऱ्या महिन्यात हरसूल. तिथं माझी थोरली बहीण आहे, साळूबाई, मी तिला अक्का म्हणतो, म्हणून निदान अंथरूण मिळालं. पण डोकं फिरलं होतं. कारण मला एक गोष्ट दिसत होती, जी ड्रायव्हरलाच दिसेल. दर वेळी गाडी मुक्कामी. दिवसा जाऊन संध्याकाळी परत येण्यासारख्या दहा गाड्या आहेत, त्या नाहीत. संध्याकाळी जाणारी, रात्रभर तिकडंच उभी राहणारी, सकाळी परत येणारी गाडी… तीच. मला रात्रीचं घराबाहेर काढायचं चाललं होतं.

आता माझा मित्र भिकन. रिटायर्ड कंडक्टर, सटाण्याकडचा. त्याला सांगितलं. कंडक्टरला काही सांगणं म्हणजे घंटी वाजवणं, सगळ्या गाडीला ऐकू जातं. पण दुसरं कोण आहे? तो डोळे बारीक करून म्हणाला, "पुंजा, काहीतरी गडबड शे. आज एक रात्र, उद्या आठ दिवस, मग वृद्धाश्रम. सवय लावी राहिनात ते तुला."

सवय! तुम्हाला सांगतो, हे पटलं मला. आम्ही बैलाला गाडीची सवय अशीच लावायचो. आधी नुसतं जू, मग रिकामी गाडी, मग भरलेली.

चौथ्या महिन्यात योगेश माझ्याशेजारी बसायच्या आधीच मी उभा राहिलो. म्हणालो, जाणार नाही. तो म्हणाला, "अप्पा, पण फुकट…" मी म्हणालो, फुकट असू दे, नाहीतर वर पैसे देऊ देत, मी माझ्या घरातून हलणार नाही, आणि जे काही बोलायचं ते चार माणसांसमोर बोला. आणि चार माणसं मी बोलावूनच ठेवली होती. म्हणजे दोनच. भिकन आला पिशवी घेऊन. आणि अक्काला मी निरोप दिला होता, की माझ्यावर वेळ आली आहे, ये. ती ऐंशीची बाई हरसूलहून एसटीनं आली. फुकट.

वेदिकानं दार उघडलं आणि तिचा चेहरा… मी म्हटलं, बघा, पकडली गेली. योगेश म्हणाला, "आत्या, मी तुला आत्ता कारनं परत सोडतो." आत्ता आलेल्या म्हातारीला! पाण्याचा तांब्यासुद्धा दिलेला नाही! भिकननं माझ्याकडं बघून नुसती मान हलवली, म्हणजे, बघितलंस?

जेवणं झाली. आता झोपायचं कसं? आपल्याकडं रीत आहे, बाईमाणूस पाहुणी आली की ती सुनेजवळ झोपते आणि पुरुष बाहेर. विचारायचंही कारण नाही. अक्कानं आपली गोधडी उचलली आणि बेडरूममध्ये वेदिकाच्या शेजारी जाऊन पडली. योगेशची चटई हॉलमध्ये, भिकनच्या शेजारी. आता भिकन घोरतो. साधा नाही घोरत, डिझेलमध्ये हवा शिरल्यावर इंजिन जसं धडधडतं, बंद पडतं, परत धडधडतं, तसा. योगेश छताकडं बघत पडला होता. मी मनात म्हटलं, बघ, बापाला बाहेर काढायला निघाला होतास, आता तूच बाहेर.

सकाळी अक्का बेडरूममधून बाहेर आली, ती सरळ माझ्यासमोर. चूळ भरली नव्हती तिनं.

"पुंजा, तुला अक्कल कधी यायची रे?"

मी म्हणालो, "काय झालं?"

"काय झालं? पोरीनं सारी रात्र माझ्यापाशी रडून काढली, अन् हा विचारतो काय झालं. त्या पोरीनं तीन वर्सं मूल नको म्हणून गोळ्या घेतल्या व्हत्या, घराचे हप्ते व्हते म्हणून. आता बंद केल्यात. आता मूल पाहिजे हाय. डॉक्टरीणबाई सांगते, महिन्यातले हे दोन-तीन दिवस सोडू नका. अन् तू त्या दिवसांत दाराला कॉट लावून पडतो. आवाज झाला का वरडतो, कोण हाय रे, काय वाजलं."

आता ते खरं आहे. मी ओरडतो. पण माझाही विचार करा, ज्याचा कान इंजिनवर तयार झाला, त्याला झोपेतसुद्धा कुठं काही करकरलं की जाग येते. गाडीत आवाज आला तर ड्रायव्हर विचारणारच, काय वाजलं? त्याचं कामच आहे ते. मला काय माहीत…

अक्का थांबायला तयार नव्हती. "डॉक्टरणीनं इचारलं, घरात कोण कोण? ती म्हणली, सासरे. कुठं झोपतात? तर दाराशी. मग ती म्हणली, औषध मागून देते, आधी त्यांना कुठंतरी धाडा. पोरं लाजतात तुला सांगाया, म्हणून देवीला धाडतात. अन् तू? तू वराडच गोळा करून आणलं."

भिकन हळूच चपला शोधायला लागला.

तरी अक्काचं संपेना. "अन् तूच इसरला? तुझी मुक्कामी गाडी आईनं कशी सोडवली, ते इसरला?"

आता हे तुम्हाला सांगायलाच पाहिजे, गाडी लागेपर्यंत. तुम्ही उतारू माणसं, उतरलात की विसरलात, म्हणून सांगतो. मला थोरली मुलगी झाली, मोहिनी, पुण्याला असते आता. तिच्यानंतर किती वर्षं गेली, काही नाही. माझी आई, कुसाबाई, तिनं माझ्या बायकोला, सुलाला, सोडलं नाही. हा उपास कर, तो नवस कर, ह्या बाबाचा अंगारा, त्या वैदूचं मूळ. सुला बिचारी सगळं करायची. आणि मी कुठं? मी मुक्कामाला! भत्ता मिळतो म्हणून मी मुक्कामी ड्युटी मागून घ्यायचो. आज हरसूल, उद्या पेठ, परवा सुरगाणा, घरी यायचो ते झोपायला, तेही दिवसा. शेवटी शेजारणीनं आईला विचारलं, "कुसाबाई, नवस करताय ते ठीक, पण पोरगा घरी असतो का कधी?"

माझी आई पदर खोचून डेपोत आली. सगळे ड्रायव्हर-कंडक्टर उभे आहेत, हजेरी चालली आहे, आणि ती डेपो मॅनेजरच्या टेबलावर हात आपटून म्हणते, "साहेब, माझ्या पुंजाला मुक्कामी गाडी लावायची नाय. त्याला रात्री घरी धाडा. का, ते मी हितं सांगू का समजून घेता?" साहेब ब्राह्मण माणूस, कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. त्याच दिवशी माझी ड्युटी बदलली, सिटी गाडी, पंचवटी ते नाशिकरोड. सगळा डेपो मला महिनाभर विचारायचा, काय पुंजा, गाडी वेळेवर धावते ना?

आणि वर्षाच्या आत योगेश झाला.

म्हणजे बघा. हा जो मुलगा मला मुक्कामी गाडीत बसवतो, हा स्वतः मुक्कामी गाडी सुटली म्हणून जन्माला आलेला आहे. बोलायला जागा आहे का मला?

तर मी पिशवी भरली. म्हणालो, "अक्का, चल, तुला सोडायला येतो हरसूलला. रात्री राहीन." वेदिका किचनच्या दारात उभी होती. तिच्याकडं बघितलं नाही मी. सासऱ्यानं बघायची ती वेळ नव्हती.

तेव्हापासून हे चालू आहे. आता मला कोणी सांगत नाही, आणि मी कोणाला विचारत नाही. मागच्या वेळेपासून दिवस मोजतो आणि आपला निघतो. दारातून म्हणतो, "अक्काला बरं नाही." अक्काला पहिल्यांदा आनंद झाला, दुसऱ्यांदाही झाला, चौथ्यांदा गेलो तर म्हणते, "पुंजा, मी मरायला टेकले हाय का, अन् मला कुणी सांगत नाय?"

पण लोक. लोकांचं काय करायचं? भिकनला कळलं होतं, म्हणजे कॉलनीला कळलं. आमच्या खालच्या मजल्यावर शैलाबाई राहतात. त्यांनी मला जिन्यात गाठलं. हळू आवाजात… त्यांचा हळू आवाज म्हणजे वरच्या दोन मजल्यांना ऐकू जातो, खालच्यांना नाही, एवढाच काय तो फरक. म्हणाल्या, "अप्पा, रागावू नका हं, पण त्या गोळ्या घेतल्या ना की पिशवी वाळून जाते. माझ्या नणंदेच्या जावेचं तसंच झालं. मी एक काढा देते, पहाटे उपाशीपोटी…"

मी चौथीपर्यंत शिकलो. मला पिशवीतलं काही कळत नाही. पण मी म्हणालो, "शैलाबाई, तुमची स्कूटी करोनात जिन्याखाली उभी होती ना?"

"होती."

"किती दिवस?"

"वर्ष झालं असेल."

"नंतर पहिल्या बटणाला चालू झाली?"

"नाही, मेकॅनिकला बोलावलं होतं."

"मग भंगारात दिलीत का?"

मी म्हणालो, "डॉक्टरीणबाई सांगतात, गोळ्यांनी काही वाळत नाही, कोणाला लगेच लागतं, कोणाला काही महिने लागतात. ती शिकलेली आहे. तुमच्या नणंदेची जाऊ किती शिकली आहे? आणि दुसरं, तिनं योगेशलाही तपासायला सांगितलं." तर शैलाबाई अशा दचकल्या, जणू मी योगेशलाच दिवस गेले म्हणालो. "पुरुषाला कशाला?" म्हणे. अहो, गाडी बंद पडली तर सगळे जण नुसतं बॉनेट उघडून बघत बसतात का? टाकीत डिझेल आहे का, हे आधी बघतात. आमच्या आईच्या वेळी कोणी बघितलं असतं तर सुलाचे किती उपास वाचले असते… जाऊ द्या.

योगेश गेला तपासायला. लाजत गेला, पण गेला. सगळं ठीक निघालं. त्या दिवसापासून घरात जरा छाती काढून चालतो.

नाही, हसण्यासारखं आहे, हसा. मीही हसलो असतो. पण एक सांगतो. मी सकाळी हरसूलहून येतो, मग दोन आठवडे घरात कोणी काही बोलत नाही. टीव्हीचा आवाजसुद्धा कमी. आणि मग एका संध्याकाळी वेदिका ऑफिसातून येते, पर्स टाकते, गरम पाण्याची पिशवी घेते आणि दार लावून घेते. मला कळतं. तिला वाटतं मला कळत नाही. त्या दिवशी चहा मी करतो. माझा चहा पाणचट होतो, मला माहीत आहे, साखर कधी टाकली तेच आठवत नाही. ती बाहेर येते, पिते, आणि म्हणते, "छान झालाय अप्पा." एवढं खोटं बोलणारी दुसरी मुलगी मी बघितली नाही. आणि पुढच्या वेळी मी परत पिशवी भरतो. मला दुसरं काय करता येतं? देवाला मी सांगत नाही, डॉक्टर मी नाही. मला गाडीत बसता येतं. बसतो.

आज मात्र जरा विचित्रच चाललं आहे. आठ दिवस झाले, दोघं काही बोलतच नाहीत. गरम पाण्याची पिशवी ह्या वेळी खुंटीवरून खालीच आली नाही. माझ्याकडं बघतात आणि दुसरीकडं बघतात. मला वाटतं भांडली असतील. दिवस तर माझ्या मोजणीनं आजचाच, कोणी काही सांगेना, म्हणून दोघं कामावर असताना चिठ्ठी ठेवून निघालो… ती बघा, ती बघा गाडी आली, म्हटलं नव्हतं? तंबाखू झाली. आता मागं घेताना आरशात बघेल की नाही… नाही बघितलं. बघितलं नाही त्यानं. चला, पिशव्या उचला, खिडकी मी धरतो, मला गार वारा लागतो…

थांबा, फोन.

हां, बोल योगेश… हो, सीबीएस स्टँडवरच… लागली आत्ताच, चढतोय… काय?… मोठ्यानं बोल, इथं गाड्या आहेत… जाऊ नका म्हणजे? का?… कोण डॉक्टर?… दवाखान्यातून बोलतोस? कोणाला काय झालं?… वेदिकाला काय झालं?…

…परत सांग.

…बरं.

…नाही, ऐकतोय. धूर गेला डोळ्यात, ह्या गाडीचा. नोझल साफ करत नाहीत लेकाचे. दे तिच्याकडं… हां, बोल बाळा… हो… हो… नाही गं, मला काय कळत होतं, मी आपला अक्काकडं… बरं. जप. पायऱ्या हळू उतर. स्कूटीवर बसू नको त्याच्यामागं, तो ब्रेक उशिरा मारतो. ठेव.

झालं. तुम्हाला काय सांगू, तुम्ही ऐकलंच. आठ दिवस गप्प होती ती ह्याच्यासाठी, पक्कं कळेपर्यंत बोलायचं नाही म्हणून. मी उगाच चिठ्ठी लिहिली. उतरा जरा, वाट द्या, मी चाललो घरी. कंडक्टर, माझं तिकीट फाडू नको, आज हरसूल नाही, आज मी माझ्या कॉटवर…

परत फोन. त्याचाच. हां, बोल, येतोय मी… काय?… कोण निघालं?… विहीणबाई? संगमनेरहून?… आज?… हो, मुलीची आई, येणारच… त्या हॉलमध्ये झोपणार. बरोबर. त्या हॉलमध्ये म्हटल्यावर मी हॉलमध्ये कसा… नाही नाही, बरोबर आहे तुझं, बरं दिसत नाही ते… किती दिवस राहणार?… पहिले तीन महिने जपायचं असतं. असतं. तुझ्या आजीनंही जपलं होतं…

काय म्हणालास? नाही, पुढचं बोलू नकोस. पाठ आहे मला.

सरका जरा. खिडकी माझी होती. कंडक्टर, एक हरसूल… हे आधार कार्ड. आता पोचल्यावर अक्काला आधी सांगावं लागेल, की बाई, तू मरत नाहीस.

काय करता. फुकट आहे. जाऊन येतो.